मधुमेहाची औषधं आणि अंगावरचं दूध: खान्देशातल्या बाळंतिणींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यावल तालुक्यातल्या एका गावी बाळंतिणीला भेटायला गेले होते. सिझर होऊन बावीस दिवस झालेले, टाक्यांतून पाणी येत होतं आणि उपाशीपोटीची शुगर २६८. "गोळ्या घेतेस ना?" असं विचारल्यावर तिने मान हलवली. आई चहा टाकायला आत गेली तशी ती हळूच म्हणाली, "ताई, बाळले साखर व्हई जाई म्हनीसन नही लेस." गोळ्यांचं पाकीट धान्याच्या कोठीत दडवलेलं होतं. काढून बघितलं तर पंधराच्या पंधरा गोळ्या तशाच, एकही फोडलेली नाही. गोळी कुठली, तर साधी मेटफॉर्मिन. अंगावर पाजणाऱ्या आईला डॉक्टर जी बिनधास्त देतात, तीच.

त्याच महिन्यात चोपड्याची एक जण भेटली. तिने नेमकं उलटं केलेलं. गोळी सोडली नव्हती, बाळाचं दूध तोडून डब्याची पावडर सुरू केली होती. दोघींची भीती एकच, आणि दोघींनाही ती बाळगायचं कारण नव्हतं. मधुमेह समुपदेशक म्हणून काम करताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे उत्तरांसकट लिहिले आहेत. तुमचा डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, ते इथून घेऊन जा.

मधुमेहाची औषधं चालू असताना बाळाला अंगावर पाजता येतं का?

येतं, आणि पाजावंच. बाळंतपणानंतर बहुतेक बायकांचं भागतं ते इन्सुलिन किंवा मेटफॉर्मिनवर, आणि ही दोन्ही औषधं पाजणाऱ्या आईला चालतात. काही गोळ्या मात्र या काळात टाळतात, त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण त्यासाठी गोळी बदलता येते. दूध तोडावं लागत नाही.

इन्सुलिन दुधातून बाळाच्या अंगात जातं का?

इन्सुलिन हे प्रथिन आहे. दुधात ते अगदी थोडं उतरतं, आणि ज्या आईला मधुमेह नाही तिच्याही दुधात ते असतंच. बाळाच्या पोटात गेलं की बाकीच्या प्रथिनांसारखं पचून जातं. पोटात पचतं म्हणूनच तर इन्सुलिनची गोळी करून तुम्हाला देता येत नाही, टोचून घ्यावं लागतं. बाळाची शुगर त्याने उतरत नाही. इंजेक्शन घेतल्यावर पाजायला थांबायचीही गरज नाही.

टाइप १ (म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही, असा मधुमेह) असलेल्या बहिणींनी इन्सुलिन एक दिवससुद्धा बंद करायचं नाही. डोस कमी होईल, बंद होणार नाही. उलट्या, पोटदुखी, धाप लागणं आणि शुगर चढलेली असं एकत्र दिसलं तर सकाळ होण्याची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

मेटफॉर्मिन घेतली तर?

चालते. आईच्या डोसच्या तुलनेत, वजनाच्या हिशोबाने, बाळाला एक टक्काही मिळत नाही. अशा आयांच्या बाळांची रक्तातली साखर तपासली गेली आहे आणि ती व्यवस्थित आढळली आहे. पाजण्याच्या वेळा सांभाळून गोळी घ्यायची कसरत करू नका. जेवणाबरोबर घ्या, म्हणजे मळमळ आणि जुलाबाचा त्रास कमी होतो. बाळ दिवस न भरता झालं असेल किंवा त्याच्या किडनीला काही त्रास असेल, तर बालरोगतज्ज्ञांना एकदा सांगून ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर शरीरातलं बी-१२ कमी होऊ शकतं. आपल्याकडे माळकरी घरांत अंडं-मटण नसतं, दूधही जेमतेम. आईचं बी-१२ कमी असेल तर फक्त अंगावर पिणाऱ्या बाळालाही ते कमी पडतं. रक्त तपासताना त्याची एक चाचणी करून घ्या.

माझ्या पाकिटावर दोन-तीन औषधांची नावं आहेत. ती गोळी चालेल का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि विचारतात फार थोड्या. आपल्याकडे मधुमेहाची गोळी बऱ्याचदा जोडगोळी असते, एकाच गोळीत दोन किंवा तीन औषधं. बाई म्हणते, "मी शुगरची एकच गोळी घेते." पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली की मेटफॉर्मिनच्या जोडीला आणखी कोणीतरी बसलेलं सापडतं. गरोदर राहण्याआधीची जुनी गोळी बाळंतपणानंतर आपल्या मनाने पुन्हा सुरू करणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर हे हमखास होतं. म्हणून पाकीट खिडकीपाशी उजेडात धरा आणि नावं वाचा. वाचता येत नसेल तर आशाताईकडून वाचून घ्या.

ग्लिमेपिराइड ही आपल्याकडे मेटफॉर्मिनच्या जोडीला फार सर्रास असते. ती दुधात किती उतरते याची पुरेशी माहिती नाही, म्हणून पाजणाऱ्या आईला सहसा देत नाहीत. तिच्याच कुळातल्या ग्लिबेनक्लामाइड आणि ग्लिपिझाइड दुधात फारशा सापडलेल्या नाहीत, त्यामुळे गरज पडली तर डॉक्टर त्या देतात. पण या कुळाचं काम शुगर खाली ढकलण्याचं, म्हणून बाळावर लक्ष ठेवावं लागतं. ते सुस्त पडतंय का, दूध ओढेनासं झालंय का, अंग गार लागतंय किंवा थरथरतंय का, हे बघायचं. यातलं काही दिसलं तर लगेच पाजा आणि दवाखाना गाठा.

व्हिल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन आणि पायोग्लिटाझोन यांचा पाजणाऱ्या आयांमधला अनुभव अजून तोकडा आहे. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन, म्हणजे लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या गोळ्या, या काळात टाळायच्याच. बाळाची किडनी पहिल्या दोन वर्षांत घडत असते, तिला धोका नको. वजन उतरवणारी सेमाग्लुटाइडची गोळीही पाजताना घ्यायची नाही.

यातली एखादी गोळी काही दिवस घेऊन झाली आहे असं आत्ता लक्षात आलं, तर घाबरून दूध तोडू नका. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि पहिलंच वाक्य हे बोला: "मी बाळाला अंगावर पाजते." गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर कधीकधी तेवढंच विचारायचे राहून जातात.

माझी शुगर वाढली की दूध गोड होतं का? बाळाला मधुमेह होतो का?

नाही. आईच्या दुधाची गोडी लॅक्टोजची असते आणि ती सगळ्याच आयांच्या दुधात असते. शुगर फार वाढलेली असेल तेव्हा दुधात ग्लुकोज किंचित वाढतं, पण म्हणून ते दूध वाईट होत नाही आणि त्यातून बाळाला मधुमेह लागत नाही. मधुमेह काही सर्दी-खोकल्यासारखा लागत नसतो. वाढलेल्या शुगरचं नुकसान होतं ते आईला. टाके भरत नाहीत, लघवीला जळजळ होते, छातीवर बुरशी येते, थकवा उतरत नाही.

बाळ झाल्या झाल्या काय करायचं? घरचे मध चाटवायचं म्हणतात.

मध नको, गुटी नको, साखरेचं पाणीही नको. चीक पाजा. मधुमेही आईच्या बाळाची शुगर जन्मल्यावर पहिल्या काही तासांत उतरू शकते. पोटात असताना आईकडून जास्त साखर मिळायची, म्हणून बाळाचं शरीर जास्त इन्सुलिन करायला शिकलेलं असतं. नाळ कापली की साखर थांबते, इन्सुलिन मात्र लगेच थांबत नाही. म्हणून पहिला अर्धा ते एक तास महत्त्वाचा, आणि पुढे दर दोन-तीन तासांनी पाजायचं. बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन शुगर तपासतात, ती तपासू द्या. डॉक्टरांनी बाळाला वरून काही दिलं तर ते औषध समजायचं. त्याचा अर्थ तुमचं दूध कमी पडलं असा नाही.

तिसरा दिवस उजाडला, दूध उतरत नाही. शुगरमुळे का?

असू शकतं. मधुमेही आईचं दूध एखाददोन दिवस उशिरा भरतं, सिझर असेल तर आणखी. मावशी-काकू "हिला दूधच नाही" असं जाहीर करून टाकतात आणि वरची बाटली सुरू होते, मग खरंच दूध कमी होतं. बाळाला वारंवार छातीला लावा, कातडीला कातडी लावून जवळ घ्या, हाताने चीक काढून वाटी-चमच्याने पाजा. शुगर आटोक्यात आणा, त्यानेही दूध यायला मदत होते. बाळ दिवसातून सहा-सात वेळा लघवी करतंय आणि वजन वाढतंय तर दूध पुरतंय. सुरुवातीच्या दिवसांत शू कमी होत असेल किंवा बाळ उठायलाच तयार नसेल, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

गरोदरपणी चाळीस युनिट इन्सुलिन घ्यायचे. आता तेवढंच घेऊ का?

नाही. वार पडली की तिच्यासोबत इन्सुलिनला विरोध करणारी संप्रेरकंही जातात, आणि इन्सुलिनची गरज काही तासांत झपाट्याने उतरते. गरोदरपणचा डोस तसाच चालू ठेवणं धोक्याचं आहे. बाळंतपणाच्या दिवशीच डॉक्टरांकडून नवा डोस कागदावर लिहून घ्या. "गोळ्या-इंजेक्शन चालू ठेवा" एवढंच लिहिलेला डिस्चार्जचा कागद मी डोळ्यांनी बघितला आहे. असा कागद हातात आला तर परत आत जा आणि युनिटचा आकडा लिहून मागा. संकोच करू नका.

त्यात अंगावर पाजणं हेही शरीराचं मोठं काम. दिवसाकाठी पाऊण लिटर दूध करताना आईच्या रक्तातली जवळपास ५० ग्रॅम साखर दुधात जाते. म्हणून पहिले काही आठवडे शुगर वरचेवर बघावी लागते आणि डोस पुन्हा पुन्हा बदलतो.

रात्री पाजताना घाम येतो, हात थरथरतात. हे काय?

शुगर उतरल्याची खूण. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडच्या कुळातली गोळी चालू असेल तर हे होऊ शकतं. नुसत्या मेटफॉर्मिनवर सहसा होत नाही.

बाळाला आधी सुरक्षित खाली ठेवा. मग तीन चमचे साखर (छोटा चहाचा चमचा) पाण्यात ढवळून प्या. पंधरा मिनिटं थांबा, मशीन असेल तर शुगर बघा. ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर. बरं वाटल्यावर अर्धी भाकरी किंवा एखादं केळं खा, नाहीतर तासाभराने पुन्हा उतरते. आपल्याकडे केळी घरोघरी, त्यामुळे बायका आधी केळंच शोधतात. पण त्या क्षणी साखरच हवी, केळ्याची साखर रक्तात यायला जास्त वेळ लागतो. पेढा-चॉकलेटमधल्या तुपाने ती आणखी रेंगाळते.

माझ्या ओळखीच्या एका बाईने बाजेच्या उशाशी तांब्या-भांडं आणि साखरेची छोटी बरणी ठेवून दिली होती. बरणीच्या झाकणाला लाल दोरा बांधलेला, अंधारात हाताला लागावा म्हणून. वीज गेलेली, बाळ रडतंय आणि हात थरथरतायत, अशा वेळी स्वयंपाकघरापर्यंत जाणं होत नाही. तुम्हीही असंच करा. रात्री पाजायच्या आधी दूध किंवा मूठभर शेंगदाणे-फुटाणे खाल्ले तर शुगर उतरायची वेळ कमी येते. आणि घरात एका माणसाला तरी सांगून ठेवा की मी शुद्धीवर नसेन तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

डिंकाचे, आळिवाचे लाडू खायचे की नाही?

आळीव, मेथी, डिंक, खोबरं, खारीक यांत वाईट काही नाही. अडतं ते गुळावर. गूळ साखरेपेक्षा बरा असं आपण धरून चालतो, शुगरला मात्र दोन्ही सारखेच. सासूबाईंचा जीव त्या लाडवात असतो, म्हणून मी सरळ नाही म्हणत नाही. गूळ-खारीक अगदी बेतात, मेथी-आळीव-खोबरं जास्त, लाडू लिंबाएवढा आणि दिवसाला एक, तोही जेवणासोबत. शतावरी कल्पाचा डबा मात्र वाचून बघा. त्यात बहुतांश साखरच असते, आणि दोन-दोन चमचे दुधातून दोनदा घेतलं की शुगर का चढते ते कोणाला उमगत नाही.

बाकी आपलं जेवण या आजाराला चांगलं आहे. कळण्याची किंवा बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, भरीत, घट्ट वरण. फक्त बट्टीवर तुपाची धार आणि शेवभाजीची तर्री जरा हात आखडून. पाजणाऱ्या आईला रोजच्यापेक्षा ५०० ते ६०० उष्मांक जास्त लागतात. तेव्हा शुगरच्या धास्तीने उपाशी राहू नका.

मेथी भरपूर खात असाल आणि इन्सुलिनही चालू असेल, तर शुगर जास्त उतरू शकते. डॉक्टरांच्या कानावर घाला.

उपवास?

इन्सुलिन घेत असाल आणि पाजत असाल तर नको.

मे महिन्यात इन्सुलिन कुठे ठेवायचं? आमच्याकडे फ्रिज नाही.

भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा हा प्रश्न जिवाचाच असतो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. फ्रीझरला चिकटून नको, गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं समजा. वापरात असलेली बाटली ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकते. फ्रिज नसेल तर मोठ्या माठात ओली वाळू घाला, त्यात छोटं मडकं बसवा आणि बाटली घट्ट झाकणाच्या डब्यात घालून मडक्यात ठेवा. वर ओलं फडकं, आणि माठ सावलीत, वाऱ्याच्या जागी. रोज वाळूवर पाणी शिंपडायचं. फ्रिजइतका थंडावा येत नाही, पण पत्र्याच्या खोलीतल्या फळीपेक्षा कितीतरी बरा. मोटारसायकलच्या डिकीत इन्सुलिन कधीच ठेवू नका.

बाटली घेताना सिरिंजही बघा. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्या ४० च्या (एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट) असतात, त्यांना लाल टोपीची सिरिंज. १०० च्या बाटलीला केशरी टोपीची. अदलाबदल झाली तर डोस अडीच पट चुकतो. माहेरच्या गावातल्या मेडिकलवाल्याने "हीच आहे, चालेल" म्हटलं तरी घेऊ नका.

शुगर मुळापासून घालवणारी पुडी गावात मिळते. दुधाला बाधणार नाही ना?

घेऊ नका. अशा काही पुड्यांमध्ये शुगरची इंग्रजी गोळी कुटून मिसळलेली आढळली आहे. पुडीत काय आहे तेच ठाऊक नसेल तर बाळाच्या पोटात काय जातंय ते कोण सांगणार?

छाती लाल झाली, ठणकते, ताप आहे. पाजणं थांबवू?

थांबवू नका. दूध साचून राहिलं तर गळू होतं. त्याच बाजूने पाजा किंवा हाताने दूध काढा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पाजणाऱ्या आईला चालणारी अँटिबायोटिक्स आहेत. तापात शुगर चढते, तेव्हा ती जास्त वेळा बघा. बोंडशीला खाज-आग असेल आणि बाळाच्या तोंडात न पुसली जाणारी पांढरी साय दिसत असेल, तर ती बुरशी. औषध दोघांनाही एकदमच द्यावं लागतं.

बीपी, थायरॉइड, कोलेस्टेरॉलच्या गोळ्याही चालू आहेत.

थायरॉइडची रोजची गोळी चालते. बीपीसाठी एनालाप्रिलसारख्या चालणाऱ्या गोळ्या आहेत. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन बहुधा पाजणं संपेपर्यंत थांबवतात. तिन्ही पाकिटं एकदम डॉक्टरांपुढे ठेवा.

मला फक्त गरोदरपणात शुगर होती. आता गोळी बंद झाली, म्हणजे सुटले ना?

मीही असंच समजले होते. माझ्या धाकट्याच्या वेळी मला शुगर निघाली, बाळंतपणानंतर गोळी बंद झाली, आणि मी सहा आठवड्यांची तपासणी केलीच नाही. दोन वर्षांनी भलत्याच कारणासाठी रक्त दिलं तेव्हा शुगर काठावर आलेली कळली. दुसऱ्यांना सांगणारी मी, आणि माझीच तपासणी राहिली, याची बोच अजून आहे.

म्हणून हे लक्षात ठेवा. बाळाला दीड महिन्याची लस द्यायला न्याल, त्याच दिवशी स्वतःची तपासणी करा. सकाळी उपाशीपोटी जायचं, रक्त द्यायचं, ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त. मधल्या वेळात बाळाला पाजायला हरकत नाही. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, अथवा दोन तासांनी २०० किंवा जास्त आलं तर मधुमेह. दोन तासांची १४० ते १९९ मध्ये असेल तर काठावर. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी रक्ताची तपासणी) या काळात फसवते, कारण बाळंतपणात रक्त गेलेलं असतं. शुगर अगदी व्यवस्थित आली तरी पुढे वर्षातून एकदा बघत राहा. गरोदरपणी शुगर झालेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पट जास्त असतो, आणि अंगावर पाजल्याने तो कमी होतो.

सरकारी दवाखान्यात बाळंत झाला असाल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात ४२ दिवसांपर्यंत औषधं आणि तपासण्या मोफत आहेत. ही तपासणी त्या मुदतीत बसते, मागून घ्या.

पाजत असेपर्यंत दिवस राहत नाहीत म्हणतात. खरं का?

त्यावर भरवसा ठेवू नका. तांबी मधुमेही बाईला चालते आणि दुधावरही तिचा परिणाम होत नाही. शुगर चढलेली असताना दिवस राहिले तर पोटातल्या बाळाला धोका असतो, म्हणून पुढचं मूल हवं असेल तर आधी शुगर आणि औषधं डॉक्टरांकडून नीट लावून घ्या.

सव्वा महिना झाला, सासरी निघाले आहे. काय सोबत नेऊ?

डोस लिहिलेला शेवटचा कागद, चालू गोळ्यांची पाकिटं (रिकामी झालेलीसुद्धा, नावं त्यांच्यावरच असतात) आणि शुगरच्या नोंदींची वही. फाइल माहेरच्या कपाटात राहते आणि तिकडचे डॉक्टर जुन्या कागदावरून जुनी गोळी देतात, हे फार वेळा होतं. मोबाइलमध्ये कागदांचे फोटो काढून ठेवा. सुरतला किंवा पुण्याला जात असाल तर इन्सुलिन थर्मासमध्ये न्या, पण बर्फ थेट बाटलीला लागू देऊ नका, मध्ये फडकं गुंडाळा. साखरेची पुडी आणि पाण्याची बाटली हाताजवळच्या पिशवीत ठेवा. गाडीच्या डिकीतल्या बॅगेत ठेवली तर वेळेला सापडणार नाही.